फोटिस कोंतोग्लू यांच्या आधुनिकतेविषयी पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष

विसाव्या शतकातील ग्रीक चित्रकलेच्या इतिहासात फोटिस कोंतोग्लू (1895–1965) यांचे स्थान कोणते, या प्रश्नाला दोन परस्परविरोधी उत्तरे दिली जातात. एका मताप्रमाणे ते आधुनिक काळात जन्मलेले, पण आधुनिक कलेकडे पाठ फिरवून बायझंटाइन चित्रपद्धतीत, म्हणजे कॉन्स्टँटिनोपल ही राजधानी असलेल्या आणि 1453 साली ऑटोमन तुर्कांच्या हाती गेलेल्या पूर्व रोमन साम्राज्याच्या धार्मिक चित्रपद्धतीत, आश्रय घेणारे पुनरुज्जीवनवादी होते. दुसऱ्या मताप्रमाणे त्यांचे हे मागे वळणेच त्या काळातील अत्यंत आधुनिक कृत्य होते, कारण ज्या परंपरेकडे ते वळले ती त्यांना वारशाने मिळालेली नव्हती, तर त्यांनी ती शोधून, निवडून आणि पुष्कळ अंशी नव्याने जुळवून घेतली होती. शास्त्रीय वादपद्धतीला अनुसरून पहिल्या मताला येथे पूर्वपक्ष आणि दुसऱ्या मताला उत्तरपक्ष म्हटले आहे. पूर्वपक्ष मांडणारा आधुनिक युरोपीय चित्रकलेचा अभ्यासक आहे आणि उत्तरपक्ष मांडणारा भित्तिचित्रांच्या तंत्राचा जाणकार आहे, असे कल्पिले आहे. प्रस्तुत लेखाचा कल उत्तरपक्षाकडे आहे, तरी पूर्वपक्षाचा एक आक्षेप अखेरपर्यंत टिकून राहतो.

पूर्वपक्ष : कोंतोग्लू यांनी 1913 साली अथेन्सच्या ललितकला विद्यालयात प्रवेश घेतला आणि ते शिक्षण पूर्ण न करताच पॅरिस गाठले. पहिल्या महायुद्धाची ती वर्षे त्यांनी जेथे काढली, त्या शहरात पिकासो आणि ब्राक यांनी घनवादाच्या रूपाने, म्हणजे एकाच वस्तूच्या अनेक बाजू एकाच चित्रतलावर मोडून मांडण्याच्या पद्धतीने, चित्राची व्याख्याच बदलून टाकली होती. हे सर्व डोळ्यांसमोर घडत असता ज्या चित्रकाराने पुढील आयुष्य तेराव्या ते सोळाव्या शतकांतील भिंतींच्या अनुकरणात घालवले, प्रबोधनकाळापासूनची पाश्चात्त्य धार्मिक चित्रकला देहासक्त म्हणून नाकारली आणि चित्रकाराने स्वतःचे मन व्यक्त करणे हा दोष मानला, त्याला आधुनिक म्हणणे म्हणजे त्या शब्दाचा अर्थच पुसून टाकणे होय.

उत्तरपक्ष : पॅरिसमध्ये त्यांनी काय पाहिले याआधी ते कोठून आले होते, हे आपण पाहिले पाहिजे. त्यांचा जन्म लेस्बॉस बेटाच्या समोर, आशिया मायनरच्या किनाऱ्यावरील आयवालिक या गावी झाला. राज्य ऑटोमनांचे असले तरी वस्ती जवळजवळ संपूर्णपणे ग्रीक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती होती आणि ग्रीक भाषेत गावाचे नाव किदोनियेस असे होते. वडील लहानपणीच वारल्यामुळे त्यांचा सांभाळ आईने आणि मठाधिपती असलेल्या मामांनी केला, आणि कोंतोग्लू हे आडनावही आईच्या माहेरचे आहे. एवढ्यावरून बालपणीच्या मठातील जुनी परंपरा त्यांनी पुढे चालवली, असा समज होतो, पण तो चुकीचा आहे. एकोणिसाव्या शतकात ग्रीक ऑर्थोडॉक्स जगातील धार्मिक चित्रकला पाश्चात्त्य वळणावर गेली होती. 1832 साली बव्हेरियाचा राजपुत्र ओटो ग्रीसचा राजा म्हणून निवडला गेला, त्याच्यामागून म्युनिकची कलाविद्या अथेन्सला आली, आणि लुडविग थिर्श या जर्मन चित्रकाराने 1850च्या दशकात अथेन्समधील रशियन चर्च रंगवताना राफाएलच्या धाटणीची सौम्य, गोलाईदार, छायाप्रकाशाने उठावदार केलेली आकृती आणली. पुढे हीच धाटणी चर्चमध्ये शिष्टसंमत ठरली. त्यामुळे कोंतोग्लू यांच्या पिढीला बायझंटाइन चित्र मुद्दाम शोधावे लागले. जे शोधावे लागते त्याला वारसा म्हणता येत नाही.

या उत्तरात तथ्य आहे, परंतु कालक्रम पाहिल्याशिवाय त्याचे वजन कळत नाही. पॅरिसमध्ये कोंतोग्लू यांनी नुट हाम्सुन यांच्या ‘भूक’ या कादंबरीसाठी केलेल्या चित्रांना पारितोषिक मिळाले आणि तेथेच त्यांनी ‘पेद्रो काझास’ ही समुद्री चाच्याची कथा लिहिली. 1919 साली ते आयवालिकला परतले आणि तेथे शिकवू लागले. 1922 साली ग्रीक सैन्याचा आशिया मायनरमध्ये पराभव झाला आणि किनाऱ्यावरील ग्रीक वस्त्या उद्ध्वस्त झाल्या. पुढल्या वर्षीच्या लोझान कराराने धर्माच्या आधारावर लोकसंख्येची सक्तीची अदलाबदल ठरवली, आणि या उलथापालथीत बारा लाखांच्या आसपास ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसमध्ये आले, तर चार लाखांच्या आसपास मुसलमान तुर्कस्तानात गेले. कोंतोग्लू लेस्बॉसमार्गे अथेन्सला पोहोचले तेव्हा त्यांचे गाव नकाशावर होते, पण तेथे त्यांचा समाज उरला नव्हता. त्यानंतर 1923 साली ते उत्तर ग्रीसमधील आथोस पर्वतावर, म्हणजे शतकानुशतके केवळ भिक्षूंची वस्ती असलेल्या मठांच्या द्वीपकल्पावर गेले. तेथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करतानाच त्यांना आपला मार्ग सापडला.

पूर्वपक्ष : निर्वासिताचे दुःख कोणी नाकारत नाही, परंतु दुःखाने भावना समजते, चित्राचे रूप समजत नाही. स्पिरोस पापालूकास हे कोंतोग्लू यांचे विद्यालयातील मित्र. आशिया मायनरच्या मोहिमेत ते युद्धचित्रकार म्हणून गेले होते, म्हणजे तो विनाश त्यांनीही जवळून पाहिला. तेही 1923 साली आथोसला गेले, तेथे जवळजवळ वर्षभर राहिले, आणि परतताना त्यांनी बरोबर आणली ती निसर्गचित्रे, ज्यांत मठांच्या भिंती, डोंगर आणि समुद्र हे सेझान आणि गोगँ यांच्या नंतरच्या मोकळ्या, सपाट, उजळ रंगांत उतरले होते. पुढे त्यांनी आम्फिसा येथील मुख्य चर्च रंगवले, त्यातही बायझंटाइन मांडणी आणि आधुनिक रंगदृष्टी यांचा मेळ घातला. तोच पर्वत, तोच काळ, जवळपास तोच अनुभव असूनही एक चित्रकार पुढे गेला आणि दुसरा मागे. तेव्हा मागे जाण्याचे कारण इतिहासात नसून कोंतोग्लू यांच्या स्वभावात आहे.

उत्तरपक्ष : उदाहरण नेमके आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष वेगळा आहे. पापालूकास यांनी आथोसकडे पाहिले आणि त्याचे चित्र काढले. कोंतोग्लू यांनी मात्र आथोसवरील चित्रे कशी बनतात हे शिकून घेतले. बायझंटाइन पद्धतीत चेहरा रंगवताना आधी सर्व भागावर हिरवट तपकिरी, काळपट रंगाचा थर देतात आणि त्यावर गेरू व पिवळ्या मातीचे उजळ होत जाणारे थर चढवून अखेरीस पांढऱ्या बारीक रेषांनी प्रकाश दाखवतात. म्हणजे येथे सावली ही उजेडावर पडलेली नसते, तर उजेडच काळोखातून वर काढलेला असतो. भिंतीवरील काम ओल्या चुन्याच्या गिलाव्यावर होते आणि गिलावा सुकण्यापूर्वी ते पूर्ण करावे लागते, कारण चुना हवेतील कर्बवायू शोषून घट्ट होताना रंगाचे कण आपल्यात बांधून घेतो. आयकन म्हणजे पूजेसाठी लाकडी फळीवर रंगवलेली प्रतिमा, आणि तिच्यासाठी रंग अंड्याच्या बलकात कालवतात. या सर्व कृतींची माहिती फूर्ना येथील दिओनिसिओस या भिक्षूने अठराव्या शतकात लिहिलेल्या चित्रकार-पुस्तिकेत होती, परंतु ती पुन्हा हातात उतरवण्यासाठी भिंतीसमोर उभे राहावे लागते. कोंतोग्लू यांनी पुढे दक्षिण ग्रीसमधील मिस्त्रास येथील पेरिव्हलेप्टोस चर्चमध्ये आणि अथेन्सच्या बायझंटाइन संग्रहालयात जीर्णोद्धाराचे काम केले, कैरोच्या कॉप्टिक संग्रहालयातही काम केले. जुन्या थरांवरची काजळी आणि नंतरची रंगरंगोटी काढताना मूळ चित्रकाराचा प्रत्येक निर्णय उलगडत जातो, आणि ते ज्ञान पुस्तकातून मिळत नाही.

पूर्वपक्ष : हे कारागिराचे कौशल्य झाले. आधुनिकतेचा प्रश्न दृष्टीचा आहे.

उत्तरपक्ष : दृष्टीबद्दलच बोलू. बायझंटाइन चित्रात यथादर्शन, म्हणजे दूरची वस्तू लहान आणि जवळची मोठी दाखवून खोलीचा भास निर्माण करण्याची युक्ती, वापरलेली नसते. उलट पुष्कळदा आसनाच्या वा इमारतीच्या रेषा पाहणाऱ्याच्या दिशेने मिटत येतात आणि चित्रातील जग पाहणाऱ्याकडे उघडते. सपाट पृष्ठभाग, ठाशीव बाह्यरेषा, छायेविना रंग आणि निसर्गाची नक्कल नाकारणे हीच तर पॅरिसमधील नव्या चित्रकारांचीही ओढ होती, आणि 1911 साली फ्रेंच चित्रकार मातीस मॉस्कोला गेले तेव्हा त्यांना जुन्या रशियन आयकनांनीच भारून टाकले होते. ‘पेद्रो काझास’मधील चाचे, निर्जन बेटे, दूरदेशीचे रांगडे लोक यांचे कोंतोग्लू यांना असलेले आकर्षण आणि बायझंटाइन चित्रांतील खडबडीत, सुशोभित न केलेल्या चेहऱ्यांचे आकर्षण यांचे मूळ एकच होते. शिष्ट, गुळगुळीत कलेचा वीट आलेल्या पॅरिसच्या त्या पिढीने आदिम कलेत जे शोधले ते कोंतोग्लू यांना आपल्याच इतिहासात सापडले, एवढाच भेद.

उत्तरपक्षाच्या या युक्तिवादाला कोंतोग्लू यांच्या कोणत्याही लेखापेक्षा त्यांचे स्वतःचे घर अधिक बळ देते. अथेन्सच्या पातिसिया भागात बांधलेल्या या घराच्या एका खोलीच्या भिंती त्यांनी 1932 साली ओल्या गिलाव्यावर रंगवल्या, आणि या कामात यानिस त्सारूखिस व निकोस एंगोनोपूलोस हे दोन तरुण शिष्य त्यांच्याबरोबर होते. पद्धत शुद्ध बायझंटाइन आहे. भिंतीची पट्ट्यांत विभागणी, प्रत्येक चौकटीत एक आकृती वा प्रसंग आणि आकृतीशेजारी तिचे नाव, ही मांडणी मठांत दिसते तशीच आहे. परंतु मठात जेथे संत आणि शहीद असतात तेथे येथे प्राचीन ज्ञानी पुरुष, दूरदेशीचे कल्पनेत रंगलेले लोक आणि चित्रकाराचे स्वतःचे कुटुंब आहे. संतांसाठी घडलेली चित्रभाषा घेऊन एका निर्वासिताने स्वतःला प्रिय असलेल्या माणसांची सभा आपल्या भिंतीवर भरवली, आणि असे करण्याची आज्ञा त्याला कोणत्याही चर्चने वा परंपरेने दिलेली नव्हती. भाषा जुनी आणि बोलणारा सर्वस्वी एकटा, अशी ही स्थिती विसाव्या शतकातच संभवते. प्रस्तुत लेखाच्या मते कोंतोग्लू यांच्या समग्र कामात या खोलीचे मोल सर्वाधिक आहे. दुसऱ्या महायुद्धातील जर्मन ताब्याच्या काळात पडलेल्या दुष्काळात हे घर त्यांना पिठाच्या मोबदल्यात विकावे लागले, असे त्यांचे चरित्रकार नोंदवतात. ती भित्तिचित्रे नंतर भिंतीवरून उतरवून अथेन्सच्या राष्ट्रीय कलादालनाकडे गेली.

पूर्वपक्ष : घराची खोली मान्य. परंतु त्यानंतरचे मोठे सार्वजनिक काम कोणते? अथेन्सच्या नगरभवनातील भित्तिचित्रे, 1937 ते 1940. पुराणकाळातील वीरांपासून बायझंटाइन सम्राटांपर्यंत आणि तेथून 1821च्या स्वातंत्र्ययुद्धातील योद्ध्यांपर्यंत अखंड ग्रीक वंशावळ त्यांत उभी केली आहे. 1936च्या ऑगस्टपासून ग्रीसमध्ये मेटाक्सास यांची हुकूमशाही होती आणि प्राचीन, बायझंटाइन व आधुनिक ग्रीस ही एकच अतूट धारा असल्याची कल्पना त्या राजवटीलाही सोयीची होती. ‘तिसाच्या दशकाची पिढी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या लेखक-चित्रकारांच्या ग्रीकपणाच्या शोधाचे रूपांतर सरकारी भिंतीवरील वंशावळीत किती सहज होते, याचा हा पुरावा आहे. त्याच नगरभवनात, त्याच सुमारास, नगरपरिषदेचे सभागृह योर्गोस गूनारोपूलोस यांनी रंगवले. तेथेही विषय अथेन्सच्या इतिहासाचाच आहे, पण आकृती धुक्यातून उमटल्यासारख्या विरळ आणि काव्यमय आहेत, आणि इतिहास तेथे पुरावा म्हणून उभा न राहता आठवण म्हणून तरळतो. आधुनिक चित्रकार कोण, हे दोन दालनांतून फिरणाऱ्या कोणालाही कळेल.

उत्तरपक्ष : सत्तेला ती वंशावळ सोयीची होती हे मान्य करावे लागेल, आणि गूनारोपूलोस यांचे दालन श्रेष्ठ चित्रकलेचा नमुना आहे हेही. मात्र वंशावळ रंगवण्याची ही आस कोंतोग्लू यांच्यात 1936 साली उत्पन्न झाली नव्हती. ज्याचे गाव एका कराराने इतिहासातून वगळले गेले, त्याला आपण कोणाचे आहोत हे भिंतीवर नावानिशी लिहिण्याची निकड असते. आपल्या चित्रांवर ते जुन्या आयकनकारांच्या रीतीने ‘फोटिओस कोंतोग्लू याच्या हातून’ अशी सही करत. मध्ययुगातील पुष्कळसे चित्रकार अनामिक आहेत, आणि कोंतोग्लू यांनी मात्र नम्रतेच्या त्याच सूत्रातून स्वतःचे नाव ठसवले. व्यक्ती पुसून टाकण्याची शिकवण देणारा हा चित्रकार स्वतः अत्यंत ठळक व्यक्ती होता, हा विरोध त्यांच्या बाबतीत खरा आहे.

पूर्वपक्ष : तो विरोध त्यांच्यापुरता राहिला असता तर वाद उरला नसता. दुसऱ्या महायुद्धानंतर ते जवळजवळ पूर्णपणे चर्चच्या कामाकडे वळले. अथेन्सच्या एर्मू रस्त्यावरील काप्निकारेआ या अकराव्या शतकातील चर्चमधील भित्तिचित्रे, पेआनिया येथील चर्च, असंख्य आयकने आणि वृत्तपत्रांतून बायझंटाइन कलेच्या बाजूने अखंड लेखन. 1960 साली आयकनलेखनाच्या तंत्रावर आणि विषयरचनेवर ‘एक्फ्रासिस’ हा त्यांचा द्विखंडी ग्रंथ निघाला आणि अथेन्सच्या अकादमीने त्याचा गौरव केला. ज्या थिर्शच्या धाटणीविरुद्ध ते उभे राहिले ती ग्रीक चर्चमधून हटली, हे यश त्यांचेच. पण तिच्या जागी काय आले? शेकडो चर्चमध्ये एकाच खाक्यावरून काढलेले तेच चेहरे, तीच वस्त्रांची घडी, तोच सोनेरी रंग. त्यांचे खरे प्रतिभावान शिष्य मात्र या वाटेने गेलेच नाहीत.

उत्तरपक्ष : ते या वाटेने गेले नाहीत, पण रिकाम्या हातानेही गेले नाहीत. त्सारूखिस 1930च्या दशकाच्या आरंभी कोंतोग्लू यांच्याकडे शिकले आणि 1935 साली पॅरिसला गेले. तेथे मातीस यांच्या चित्रांशी परिचय झाल्यावर त्यांना जे दिसले ते आयकनांमुळे आधीच ओळखीचे होते, म्हणून त्यांच्या खलाशांच्या आणि सैनिकांच्या आकृतींत आयकनाची समोरासमोरची स्थिरता आणि पॅरिसचा रंग एकत्र नांदतात. त्सारूखिस, एंगोनोपूलोस, मोरालिस आणि हाजिकिरियाकोस-गीका 1949 साली ‘आर्मोस’ या कलावंतसंघात एकत्र आले. त्यांतील एंगोनोपूलोस हे तर अतियथार्थवादी, म्हणजे स्वप्न आणि अबोध मन यांना प्रमाण मानणारे, कवी आणि चित्रकार. पण त्यांच्या बिनचेहऱ्याच्या, लांबोळक्या आकृतींच्या वस्त्रांवरील प्रकाशरेषा पाहाव्यात. त्या गुरूच्या हाताखाली शिकल्याविना येत नाहीत. म्हणजे ज्या चित्रकाराला आपण आधुनिकतेचा शत्रू म्हणता, त्याच्या कार्यशाळेतून ग्रीक आधुनिक चित्रकलेतील दोन प्रमुख नावे बाहेर पडली. पॅरिसमध्येच त्या काळी लेओनिद उस्पेन्स्की हे रशियन स्थलांतरित आयकनाचे पुनरुज्जीवन करत होते, हेही विसरू नये. जन्मभूमीपासून तुटलेल्या दोन माणसांनी एकमेकांपासून दूर राहून तोच शोध घेतला, याचे कारण त्या शतकाच्या विस्थापनात आहे.

पूर्वपक्ष : शिष्यांचे श्रेय द्यावे, हरकत नाही. पण ज्या शिष्यांनी अवज्ञा केली त्यांचे श्रेय गुरूला आणि ज्यांनी आज्ञा पाळली त्यांच्या निर्जीव प्रतींची जबाबदारी मात्र कोणाचीच नाही, असा न्याय होऊ शकत नाही.

उत्तरपक्ष : त्या प्रती करणाऱ्यांनी गुरूचे अर्धेच म्हणणे ऐकले. कोंतोग्लू यांनी क्रीटच्या थिओफानिस या सोळाव्या शतकातील चित्रकाराचा आणि आथोसच्या प्रोटाटोन चर्चमधील, परंपरेने पान्सेलिनोस यांच्या नावे सांगितल्या जाणाऱ्या, भित्तिचित्रांचा अभ्यास प्रत्यक्ष भिंतीपुढे वर्षानुवर्षे केला, आणि एकाची कठोरता व दुसऱ्याचा भरदारपणा यांतून निवड करण्याइतकी दृष्टी कमावली. नुसता खाका गिरवणाऱ्याकडे ही दृष्टी नसते.

या शेवटच्या मुद्द्यावर मात्र पूर्वपक्षाचे म्हणणे अधिक पटते. ‘एक्फ्रासिस’ हा ग्रंथ ज्यांना आथोसच्या भिंतीपुढे वर्षानुवर्षे उभे राहणे शक्य नाही अशा नवशिक्यांनाही उपयोगी पडेल असा लिहिलेला आहे. रंग कसे कालवावेत, थर कोणत्या क्रमाने द्यावेत, कोणता संत कोणत्या वयाचा आणि कोणत्या दाढीचा दाखवावा, चर्चच्या कोणत्या कमानीत कोणता प्रसंग घ्यावा, हे सर्व त्यात निःसंदिग्ध शब्दांत सांगितले आहे. मात्र 1932 साली आपल्या घराच्या भिंतीवर त्याच चित्रभाषेत जे स्वातंत्र्य कोंतोग्लू यांनी स्वतः घेतले, ते शिष्यांना शिकवण्याजोगे त्यांना वाटले नाही. पाश्चात्त्य अनुकरणाने पोखरलेल्या कलेला सावरण्यासाठी आधी शिस्त हवी, ही त्यांची निकड प्रामाणिक होती. पण पुढच्या पिढीच्या आयकनकारांना त्यांनी नियमांचा ग्रंथ दिला, आणि आपल्या खोलीतील चौकटी त्या ग्रंथाबाहेरच ठेवल्या.